वीस मिनिटं पुढचं घड्याळ

परवा नातीनं मला फोनात बस दाखवली. नकाशावर एक निळा ठिपका सरकत होता. म्हणाली, "आज्जी, ही बघ आपली बस. अजून चार मिनिटं आहेत, निवांत चहा पी." मी चहा तसाच ठेवला, चप्पल घातली आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. बस बरोबर चार मिनिटांनी आली, पोरीचं काही चुकलं नव्हतं. "तुझा कशावर म्हणून विश्वास नाही," म्हणाली. आहे की विश्वास. घरात मिक्सर आहे, कुकर आहे, वॉशिंग मशीनसुद्धा मीच हट्टानं घ्यायला लावलं. फक्त वेळ दाखवणारी वस्तू असली, की ती कुणी लावली नि कुणासाठी लावली एवढं मला आधी कळलेलं बरं वाटतं. का ते तिला सांगितलं नाही, बस आली होती. इथं सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही सोलापुरात विजापूर रोडला पार बाहेरच्या अंगाला एका खोलीत राहायला गेलो होतो. त्याआधी मिलच्या चाळीत होतो. माझे मालक मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होते. बारा वर्षं कापसाची धूळ आत घेतली, मग छाती अशी धरली की दहा पावलं चालले की बसायचे. काम सुटलं, कामाबरोबर चाळीतली खोली सुटली. मग मी त्याच मिलमध्ये रिळावर सूत गुंडाळायच्या खात्यात बदली म्हणून लागले.

बदली म्हणजे काय, कायम असलेली बाई आली नाही तर तिच्या जागेवर उभं राहायचं. रोज सकाळी साडेसहाला खात्याच्या दारात ओळीनं थांबायचं. नायकीण, म्हणजे आम्हा बायकांची मुकादम, कागदावर नावापुढं खूण करायची. काम मिळो न मिळो, खूण झाली पाहिजे. जिची तीन महिने एकही खूण चुकली नाही तिचं नाव कायम करायच्या यादीत जायचं. त्या वर्षी चार जागा निघणार होत्या. आणि कायम झालेल्या बाईला चाळीत खोली मिळायची.

मला ती खोली का पाहिजे होती, ते सांगते. माझी पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि ती माझ्याजवळ नव्हती. जेऊरला माझ्या आईकडं ठेवली होती. मी पहाटे जाणार, दिवस कलल्यावर येणार. मालकांना दम लागला की ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे. असाच एकदा दम लागला, आणि तेवढ्या वेळात पोरगी चालत चालत मोठ्या रस्त्यावर गेली. ट्रकवाल्यानं उचलून आणून दिली. त्या दिवशी मी तिचे दोन फ्रॉक पिशवीत घातले आणि जेऊरची गाडी धरली. चाळीत असं नव्हतं. तिथं दहा घरच्या बाया पोरांवर नजर ठेवायच्या, शाळा गेटासमोर होती, जेवणाच्या सुट्टीत मी घरी येऊ शकले असते. पोरीला मी सांगितलं होतं, शाळा सुरू व्हायच्या आत नेते तुला. ती प्रत्येक खेपेला विचारायची, "आता?" मी म्हणायची, अजून थोडं.

आता घड्याळाचं. चाळीत घड्याळ कुणाकडंच नव्हतं, लागतच नव्हतं. मिलचा भोंगा होता ना. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला डबा बांधायचा, तिसऱ्याला गेट बंद. सगळं गावच त्याच्यावर चालायचं म्हणा. पण नव्या खोलीत भोंगा ऐकू यायचा नाही. वारं तिकडनं असलं तर यायचा, नाहीतर नाही. वाऱ्यावर नोकरी कशी करायची? म्हणून माझ्या भावानं एक गजराचं घड्याळ आणून दिलं. चावीचं, हिरव्या रंगाचं, वर दोन घंट्या. रात्रभर असं टकटक करायचं की पहिले आठ दिवस मी ते गोधडीत गुंडाळून ठेवत होते.

आमच्या थांब्यावर पहिली बस सहाच्या जरा आधी यायची, दहा मिनिटं उशीर धरून चालायचं. ती चुकली की पुढची अर्ध्या-पाऊण तासानं. पहिल्याच महिन्यात एकदा ती माझ्या डोळ्यांदेखत गेली. तेव्हा नशीब, माझे तीन महिने अजून मोजायला लागले नव्हते. पण त्या दिवशी मी घरी आले आणि घड्याळाचा काटा वीस मिनिटं पुढं सारून ठेवला. गुपचूप. मालकांना सांगितलं नाही, कारण त्यांना ते पटलं नसतं. मिलमधल्या माणसाच्या घरात घड्याळ खोटं? म्हणाले असते, लोक हसतील. मला लोकांचं काय! सहा वाजलेले दिसले की मी दार ओढून निघायची, म्हणजे खरे पाच चाळीस. दहा मिनिटं चालत. बस यायच्या वेळी मी थांब्यावर. हे माझं गणित मनात असं मुरलं होतं, की मला ते गणित वाटायचंच नाही.

त्या पहिल्या बसची मजाच वेगळी होती बरं का. पुढच्या चार बाकांवर आम्ही मिलच्या आणि विडीच्या बाया. माझ्या खात्यातलीच एक मैत्रीण होती, तेलगू, घरचे सगळे मागावर चादरी विणणारे. ती मागच्या थांब्यावर चढायची आणि माझी जागा पदर टाकून धरायची. सगळ्या जगावर आमची मतं असायची. कुणाच्या घरी कुकर आलेला असायचा.

"कसला गं तो भात," कुणी म्हणायची, "गिचगोळा नुसता. चवच न्हाई."

"पण दहा मिंटात होतो की."

"अन् शिट्ट्या?" माझी मैत्रीण म्हणायची, "रस्त्यावर कुणी शिट्टी मारली तर चप्पल दाखवते मी. आन् शिट्टी मारणारं भांडं पैशे देऊन घरात आणू व्हय?"

मग सगळी बस हसायची. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, जरा हळू. डायवर मागं बघायला लागलाय."

"बघू दे की. त्याच्या घरी हाय कुकर, इच्यार त्याला."

मी त्या बसमध्येच वाचायला शिकले. शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, अक्षरं पुसट झालेली. बसमधल्या पाट्या, दुकानांवरची नावं, भिंतीवर रंगवलेल्या साबणाच्या जाहिराती, एकेक लावत जायची. चुकलं की मैत्रीण ओरडायची, "अक्का, ते साबण न्हाई, सायकल हाय." तिला स्वतःला मराठी वाचता येत नव्हतं, ती चित्र बघून सांगायची.

फाल्गुनात मालकांच्या थोरल्या भावानं त्यांना एक ट्रान्झिस्टर आणून दिला. जुनाच, चामड्याच्या पाकिटात घातलेला. तेव्हा रेडिओला पोस्टातनं लायसन काढावं लागायचं, तेही दिरांनीच काढलं. मी मनातनं कुरकुरले. सेल खायचा हो तो. सेल उतरले की मालक ते उन्हात ठेवायचे, मग अजून एक दिवस घोगऱ्या आवाजात चालायचा. पण दिवसभर एकटा बसलेला माणूस, त्याला कुणीतरी बोलणारं मिळालं. मी घरी आले की मला जगाच्या बातम्या सांगायचे. तोंडावर जरा तजेला आला होता. मी कुरकुर गिळली.

माझ्या तीन महिन्यांतले सहा दिवस राहिले होते. सहाच. मैत्रीण बोटांवर मोजायची. तिचे तीन महिने आधीच पुरे झाले होते. नायकीण एकदा जाता जाता म्हणाली होती, "दोघींची पण जातील नावं यादीत. आता मरू नका मधीच."

त्या दिवशी गजर झाला, मी उठले. चूल, भाकरी, मालकांचं पाणी तापवून झाकून ठेवणं. नेहमीसारखं. घड्याळात सहा झाले, दार ओढलं, निघाले. बाहेर जरा जास्तच उजाडलंय असं वाटलं. म्हटलं, दिवस मोठे होत चाललेत. हे मला अजून आठवतं, की मला दिसत होतं आणि मी स्वतःच स्वतःला समजावलं.

थांब्यावर कुणी नव्हतं. एक दूधवाला सायकल धरून चहा पीत होता. मी उभी राहिले. बरीच उभी राहिले. मग त्याला म्हटलं, "आज बसनं लई उशीर लावला, न्हाई?"

"कुठली? पयली? ती गेली की कवाच." त्यानं बशी खाली ठेवली. "दुसरी यायची येळ झाली आता."

मला वाटलं हा येडा आहे. मी म्हटलं, "आत्ता कुठं सहा वाजत्यात."

"अवो बाई, सूर्य वर आला की!"

मी वळून बघितलं. आला होता.

मग मी पळत सुटले. मिल कुठं, मी कुठं, तीन-चार मैलांचा रस्ता. तरी पळाले. डबा पिशवीत आपटत होता. सातरस्त्याकडच्या चढावर छातीत कळ आली तेव्हा मागून दुसरी बस आली. मी मधेच हात केला. ड्रायव्हरनं थांबवली, देव त्याचं भलं करो. वर चढले तर ओळखीचं एक तोंड नाही. कंडक्टर वेगळा, माणसं वेगळी, इस्त्रीचे कपडे घातलेले हापिसवाले. मी दांडी धरून उभी आणि मनात एकच, साडेसहा अजून झाले नसतील. झाले नसतील. कुणाला वेळ विचारायचं धाडस झालं नाही. विचारली नाही तोवर झाले नव्हते ना.

बाजाराच्या वळणावर भोंगा झाला. तिसरा, गेट बंदचा. बसमध्ये, त्या सगळ्या आवाजात, स्वच्छ ऐकू आला. नव्या खोलीत गेल्यापासून किती दिवस मी तो ऐकायला कान लावून बसायची! आणि त्या दिवशी कानात बोटं घालावीशी वाटली.

गेटावरचा राखणदार ओळखीचा, मालकांच्या जुन्या खात्यातला. "बाई, मी काय करू? सात झाले. गेट लागलं की माझ्या बापाला पण सोडता येत न्हाई."

"नायकिणीला बोलवा. नुसतं बोलवा."

"ती आता खात्यात गेली. कागद हापिसात गेला."

मी गेटाचे गज धरून उभी राहिले. हात जोडले, रडले, तोंडात येईल ते बोलले. मालकांचं नाव सांगितलं, पोरीचं सांगितलं. तो खाली बघत होता. शेवटी म्हणाला, "घरी जावा वैनी. लोक बघतात." दुपारी नायकीण बाहेर आली तेव्हा मी तिथंच बसले होते. ती ओरडली नाही, तेच वाईट वाटलं. म्हणाली, "तुझ्या नावापुढं मी टाक धरून ठेवला होता गं. किती धरू? मागं बाया होत्या."

घरी आले. मालक म्हणाले, "आज लौकर?"

"काम नव्हतं," म्हटलं. "बदलीवाल्यांना परत पाठवलं."

मला अजून कळलेलं नव्हतं काय झालं ते. मला वाटत होतं मीच चुकले. काटा नीट बघितला नसंल, झोपेत असेन. मी घड्याळाकडं बघितलं तर ते चालू होतं. तेवढ्यात रेडिओवर बातम्यांच्या आधीचं टूं टूं सुरू झालं. मालकांनी हात वर केला, मला गप्प बसवलं, आणि शेवटच्या टूंला घड्याळाकडं बोट केलं.

"बघ. मिंटाचा फरक न्हाई." किती खूश होते! "काल सांजच्याला लावलं मी. वीस मिंटं पुढं पळत होतं गं ते. तुझ्या ध्यानातच न्हाई. म्हटलं, ही बिचारी रोज वीस मिंटं आधी थंडीवाऱ्यात जाऊन उभी राहत असंल. आता निवांत जा."

बारा वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस. घरात बसून बसून त्याला माझ्यासाठी एवढंच करता आलं होतं, आणि ते त्यानं मिनिटाला बरोबर केलं होतं. मी "बरं केलंत" म्हटलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. हौदापाशी बसले, घागर भरून वाहायला लागली तरी मला उठता येईना.

तिथंच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी मैत्रीण धापा टाकत आली. कामावरनं थेट आली होती बिचारी. दारातनंच ओरडली, "अक्का, कुठं मेली होतीस? मी डायवरला थांब म्हटलं, दोन मिंटं थांबला पण तो, लोक शिव्या द्यायला लागले! तुझ्यासाठी थांबलेली यादी आजच गेली की गं! तुझं नाव सोडून गेली!"

मी तिला डोळ्यांनी खुणावत होते. तिचं लक्षच नाही. "घड्याळ बंद पडलं व्हय तुझं?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. त्यांना सगळं एकदम कळलं. मिलचा माणूस, वेळेचा हिशोब त्याला कोण समजावणार! "तू पुढं लावून ठेवलं होतंस," म्हणाले.

मी चुलीतली लाकडं पुढं सारली.

"मला सांगायचं तरी."

"तुमी तरी सांगायचं," माझ्या तोंडातनं निघून गेलं. आणि मग मला थांबताच येईना. सहा दिवस राहिले होते, सहा दिवस, तुमच्या त्या बोलक्या डब्याचं ऐकून! मैत्रीण पदर तोंडाला लावून उभी. मालकांना दम लागला. मी बोलायची थांबले ते त्यांचा श्वास ऐकून थांबले, आणि पाठ चोळायला बसले. माझा राग तसाच होता, हात मात्र चोळत होते.

दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. रेडिओ पाकिटात घालून वर ठेवून दिला. मला हे आणखीच जड झालं. मी म्हटलं, "लावा की तो. घरात कुणी मेलंय का?" तर म्हणाले, "पुढची यादी कवा?" मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. नायकीण म्हणाली होती, वर्षानं म्हण, दोन वर्षांनी म्हण, मिलची तब्येत तरी कुठं बरी आहे आता.

मैत्रीण कायम झाली. तिला चाळीत खोली लागत नव्हती, घरचं घर होतं. तिनं हापिसात जाऊन विचारलं, माझी खोली हिला द्या म्हणून. हसले तिला. आम्ही बसमध्ये शेजारी बसत होतो, पण बरेच दिवस कुकर-बिकर काही निघालं नाही.

शाळा उघडायच्या आठवड्यात मी जेऊरला जायला निघाले. मालक म्हणाले, "तिला सांग, बापानं केलं म्हणून."

"काही सांगायचं न्हाई पोरीला."

"तुझ्यावर राग धरंल ती."

"धरू दे. समजूत काढायला आज्जी हाय तिची." असं बोलले खरं, पण दारातनं पाय निघत नव्हता.

आईनं पोरीला न्हाऊ घालून तयार ठेवली होती. तिला वाटलं न्यायलाच आले. पळत जाऊन तिनं तिचे फ्रॉक आणले, दोनाचे चार झाले होते. मी म्हटलं, "आज शाळेत नाव घालायला जाऊ. हितल्या." "हितल्या?" म्हणाली. मी व्हय म्हटलं. तिनं फ्रॉक परत नेऊन ठेवले. घडी विस्कटली होती, ती खाली बसून नीट करत बसली. आई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला, पोरीला तारखा देऊ नको."

शाळेत गुरुजींनी विचारलं, पालक कोण म्हणून लिहू? माझ्या आईचं नाव मी सांगितलं आणि मी स्वतः वाचून बघितलं, बरोबर लिहिलंय का ते. बसमध्ये शिकलेलं वाचणं तिथं पहिल्यांदा उपयोगी पडलं.

दुपारी अंगणात तिला मांडीवर घेऊन बसले. केस विंचरले, परत सोडले, परत विंचरले. मला उठायचं नव्हतं. जेऊरचं घर स्टेशनाच्या जवळ, पोरीला सगळ्या गाड्या पाठ झाल्या होत्या. मालगाडी कुठली, पॅसेंजर कुठली, आवाजावरनं सांगायची. एकदम तिनं मान वर केली.

"आई, तुजी चारची आली."

"येऊ दे. पुढच्या गाडीनं जाते."

"पुढली रातच्याला हाय. मग सकाळी तुला कामाला उशीर हुईल की." ती मांडीवरनं उतरली. "ऊठ. सिग्नल पडलाय. ऊठ की!"

तिनं माझी पिशवी उचलली. तिच्या अंगापेक्षा मोठी होती, जमिनीला घासत होती. स्टेशनाच्या वाटेनं ती माझ्या पुढं पळत होती, आणि मला गाडी चुकू नये म्हणून मागं वळून वळून हाका मारत होती.